दिवेलागणीच्या आत

माणकाठ विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या दारात नवं यंत्र बसलं, तेव्हा त्याचं कागदोपत्री नाव होतं 'जनुकीय निर्गम तपासणी कमान'. एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुणाला असते? आठवड्याभरात त्याचा म्हसोबा झाला. येणाऱ्याला तो काही विचारत नसे, पण जाणाऱ्याची पिशवी तपासल्याशिवाय सोडत नसे. पिशवी पुढ्यातल्या कट्ट्यावर ठेवायची, यंत्र तिच्यावरून हवेचा झोत फिरवून तीच हवा परत ओढून घ्यायचं आणि चार सेकंदांत वरची पट्टी हिरवी व्हायची. २०४२ सालच्या जानेवारीत म्हसोबाची स्थापना झाली आणि पुढचे चाळीस दिवस पट्टी हिरवीच राहिली. तो बिघडलेला आहे असंही काही लोक म्हणू लागले होते.

एकेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला पट्टी लाल झाली. कट्ट्यावर फुलाबाई सरगर यांची कापडी पिशवी होती. फुलाबाई म्हणजे विभागातल्या सगळ्यांच्या फुलामावशी. काचेची भांडी धुणं, ती वाफेच्या टाकीत शिजवून निर्जंतुक करणं आणि पोराटोरांनी जेवणाच्या वेळी उपाशी राहू नये यावर लक्ष ठेवणं, ही त्यांची एकोणतीस वर्षांची नोकरी. निवृत्तीला दहा महिने उरले होते.

दारावरचे रक्षक बाबर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी नियमाप्रमाणे दार बंद केलं, मावशींना बसायला खुर्ची दिली आणि नंदा लिगाडेला फोन केला.

डॉ. नंदा लिगाडे ही विद्यापीठाची संशोधन सुरक्षा अधिकारी. कोण कुठल्या परदेशी परिषदेला जातो, कुणाच्या लॅपटॉपवर काय आहे, कुठल्या पाहुण्याला कुठली प्रयोगशाळा दाखवायची आणि जंतूंचं कुठलं वाण कुणाला पाठवायचं, या सगळ्यावर तिची सही लागे. ती जिन्यात दिसली की माणसं बोलता बोलता गप्प होत, मग विषय साध्या चहाचा का असेना. आपण लोकांना नकोशा झालो आहोत हे तिला कळत होतं आणि ते तिला लागतही होतं, पण नियम कुणीतरी पाळून घ्यायलाच हवेत, असं ती स्वतःला समजावत असे.

"मावशी, पिशवीत काय आहे?"

"डबा हाय, मॅडम. रिकामा. धुतलाय बी."

"जेवायला काय आणलं होतं?"

"काय आणायचंय? भाकरी, खरडा, दही. रोजचंच."

डबा खरंच धुतलेला होता, रोज धुतात तसाच. पण आज झाकणाच्या खाचेत दह्याचा एक पांढरा ठिपका राहिला होता आणि म्हसोबाला तेवढा पुरला होता. पडद्यावर अक्षरं उमटली होती: 'माणकाठ-७. जुळणी ९९.९ टक्के. संशयित निर्गमन.'

नंदाने ते दोनदा वाचलं. माणकाठ-७ म्हणजे विद्यापीठाचं नाक. अकरा वर्षांपूर्वी, ती प्रा. गजानन सबनीस यांच्या हाताखाली पीएच. डी. करत असताना, मंडळी दुष्काळी रानातली माती तपासत होती. पाण्याविना जगणारे जंतू शोधायचे होते. माती पेरलेल्या साठ बशांपैकी एका बशीत एक पांढरी ठिपकी वाढली. तिच्यातल्या जंतूला चार महिने वाळवलं, उन्हात ठेवलं, तरी पाण्याचा थेंब मिळताच तो उठून बसला. वाळताना तो स्वतःभोवती साखर आणि प्रथिनाचं एक बारीक वेष्टण विणतो, असं पुढे कळलं. त्याच वेष्टणात लस गुंडाळली की तिला बर्फ लागत नाही. टपालाच्या पाकिटातून पाठवली तरी ती टिकते. जंतू दह्यातल्या जंतूंच्या कुळातला निघाला. दह्याचा जंतू रानच्या मातीत कसा, असं एका परदेशी परीक्षकाने विचारलंही होतं. त्या रानात मेंढ्या बसतात, असं उत्तर सरांनी दिलं आणि शोधनिबंध छापून आला. आता सात देशांशी करार होते आणि माणकाठ-७ संरक्षित वाणांच्या सरकारी यादीत होता. परवानगीशिवाय तो बाहेर नेणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा होती.

म्हसोबाचं शास्त्र साधं आहे. प्रत्येक वस्तूवर जिवांचे अदृश्य कण चिकटलेले असतात. त्यांतल्या जनुकांचे तुकडे तो वाचतो आणि नोंदवलेल्या चारशे बारा वाणांशी ताडून पाहतो. जुळलं की लाल. ते तिथे कसं आलं, हे त्याला विचारायचं नाही, कारण ते त्याला शिकवलेलंच नाही.

"मावशी, हे दही कुणाकुणाला दिलंय?" नंदाने विचारलं. अहवालाच्या नमुन्यात तीनच प्रश्न होते: कोणी नेलं, कसं नेलं आणि कुणाला दिलं.

"विरजण व्हय? मागंल त्याला. साऱ्या वस्तीत हाय. भैनीकडं हाय, लेकीकडं हाय. विरजणाला कोण नको म्हनतं का?" मावशी म्हणाल्या. त्यांना काहीच गैर वाटत नव्हतं. नंदाचा हात मात्र लिहिता लिहिता थांबला. पडद्यावर कोपऱ्यात उलटी मोजणी सुरू झाली होती. अठ्ठेचाळीस तासांत अहवाल दिल्लीला गेला पाहिजे होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीस सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर आता विभागाचे मानद प्रमुख होते, भिंतीवर राष्ट्रीय सन्मानाची चौकट होती. माणूस मनाने वाईट नव्हता. विद्यार्थ्यांच्या लग्नाला न चुकता जाणारा, घाबरला की चष्मा पुसणारा. ते चष्मा पुसत होते.

"हे बघ नंदा, सरळ आहे. फुलाबाईंनी भांडी धुताना बशी हाताळली, हात नीट धुतले नाहीत, तेच हात दुधाला लागले. अनवधान. तसा जबाब लिही, दिलगिरीवर अंगठा घे आणि पाठव. निवृत्तीला आलेली बाई आहे, सोडून देतील."

"मावशी सही करतात, सर. अंगठा नाही."

"सही घे मग."

"सोडून देणार नाहीत. कायद्यात अनवधानाला सूट नाही. नोकरी जाईल, खटला चालेल."

सरांनी चष्मा लावला आणि पुन्हा काढला. "करारांचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. दारातून वाण गळतं एवढंच बाहेर गेलं तरी पुरे. तू समजून घे."

नंदाला समजत होतंच. तिला एक गोष्ट मात्र पटत नव्हती. शोध लागल्यावर वर्षभरातच माणकाठ-७ उणे ऐंशी अंशांच्या पेटीत कुलूपबंद झाला होता आणि ज्या बशा मावशींच्या हाती जात, त्या आधी शिजवून मारलेल्या असत. मेलेल्या जंतूचं दही लागत नाही. हे सरांनाही ठाऊक होतं. तिने पाहिलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

खरं काय ते शोधायचा एक मार्ग होता. जंतू वाढताना स्वतःची नक्कल करतो, आणि एका वहीवरून दुसरी वही उतरवताना जशा चुका होतात तशा नकलेत चुका होतात. पेटीत जाण्यापूर्वी माणकाठ-७ वर्षभर प्रयोगशाळेत वाढवला होता. त्या वर्षात त्याच्यात अकरा चुका पडल्या होत्या आणि त्या अकराच्या अकरा नोंदलेल्या होत्या. दही प्रयोगशाळेतून गेलेलं असेल, तर त्याच्यातही त्या चुका असणार. पण झाकणातल्या ठिपक्यावरून एवढं बारीक वाचता येत नव्हतं. मावशींच्या घरातलं जिवंत विरजण हवं होतं.

*

सरगरवस्ती विद्यापीठापासून चौदा किलोमीटरवर. सगळी कामं आवरून निघेपर्यंत उशीर झालाच. नंदा पोहोचली तेव्हा मेंढरं वाड्यात शिरत होती आणि मावशी अंगणात शेणी गोळा करत होत्या. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं पत्र तिनेच त्यांना सकाळी पाठवलं होतं.

ती निर्जंतुक बाटली घेऊन चुलीजवळ गेली. फळीवर काळं मडकं झाकून ठेवलेलं होतं. मावशी समईसारख्या छोट्या पितळी दिव्यात वात सारत होत्या. त्यांनी दिवा लावला, हात जोडले आणि मग वळल्या.

"मावशी, या बाटलीत चमचाभर विरजण द्या."

"आता न्हाय देत."

नंदाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सरकारी काम आहे, मावशी. तुमच्यासाठीच चाललंय."

"असू दे की. दिवं लागल्यावर विरजन घराभाईर देत न्हाईत. माज्या आईनं दिलं न्हाय, म्या दिलं न्हाय. सकाळी घे, म्हनशील तेवढं घे."

"उद्या संध्याकाळी मुदत संपते."

"मग सकाळ मदी हाय की."

नंदाच्या बॅगेत जप्तीचा आदेश होता. चार वर्षांत तिने प्राध्यापकांचे लॅपटॉप उचलले होते, एका कुलसचिवाचं कपाट सील केलं होतं. 'नियम म्हणजे नियम' हे वाक्य तिने कितीतरी लोकांना ऐकवलं होतं. आता ते तिच्यावरच आलं होतं. तिने बाटलीचं बूच लावलं.

"जेवून ऱ्हा. मुक्काम कर," मावशी म्हणाल्या आणि पिठाचा डबा ओढून भाकरी थापायला बसल्या.

ताटात भाकरी, खरडा आणि दह्याचा घट्ट तुकडा आला. घरात खायला बंदी नव्हती, घराबाहेर द्यायला होती. नंदाने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. ही चव तिने आठ-नऊ वर्षांत घेतली नव्हती. अधिकारी झाली तशी मावशी तिला 'मॅडम' म्हणू लागल्या होत्या आणि तिनेही त्यांना कधी अडवलं नव्हतं. याची तिला आता फार लाज वाटली.

"लई आवडायचं तुला," मावशी म्हणाल्या. "तवा तू कशी हुतीस? बारकुडी. मेसचं जेवन गिळायचं न्हाय तुला. त्या खिडकीच्या टेबलावर बसून माज्या डब्यातलं दही-भाकर खायचीस. आन् सर आलं की डबा कुटं लपवायचीस, ठावं हाय का?"

"कुठे?"

"त्या काचंच्या पेटीत. हवा सोडायची पेटी न्हाय का, तिच्यात. सर म्हनायचे, पोरगी काय काम करती, सारखी पेटीफुडं बसलेली असती." मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

नंदाचा हात ताटातच राहिला. काचेची पेटी. सगळ्या इमारतीत जंतूविरहित हवा असलेली ती एकच जागा, आणि मातीच्या साठ बशा तिने तिथेच पेरल्या होत्या. प्रयोगशाळेत काही खाऊ नये, हा सूक्ष्मजीवशास्त्रातला पहिला नियम. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून तो पाठ करून घेतात. तिने तो मोडला होता, आणि तोही रोज, आणि डबा लपवायला भलतीच जागा शोधली होती. बोटाला लागलेलं दही, उघडी बशी आणि दुसऱ्या दिवशी उमटलेली एक पांढरी ठिपकी.

"काय झालं गं?" मावशींनी विचारलं. त्या 'मॅडम' म्हणायला विसरल्या होत्या.

"मावशी, हे विरजण तुमच्याकडं कधीपासून आहे?"

"आईच्या आधीपास्नं. मेंढरं घेऊन कोकनात जायचं तवा फडक्यावर वाळवून न्यायचं. तितं दूद मिळालं की फडकं बुडवायचं. छावनीच्या साली तर दूदच न्हवतं, तवाचं फडकं अजून हाय आईच्या ट्रंकंत. उजाडल्यावर दावते."

*

सकाळी मावशींनी दोन गोष्टी दिल्या. बाटलीभर विरजण आणि तांबूस पडलेलं एक फडकं. फडकं दुष्काळातल्या गुरांच्या छावणीच्या पासात गुंडाळलेलं होतं आणि पासावर २०१३ सालचा शिक्का होता. माणकाठ-७ चा शोध २०३१ चा.

दुपारी बारापर्यंत वाचन पुरं झालं. विरजणात अकरापैकी एकही चूक नव्हती. फडक्याचा कोपरा कोमट दुधात बुडवला, तर एकोणतीस वर्षांपूर्वी वाळलेला जंतू दोन तासांत जागा झाला, आणि त्याच्यातही एकही चूक नव्हती. दही प्रयोगशाळेतून वस्तीवर गेलेलं नव्हतं. वस्तीवरून प्रयोगशाळेत आलं होतं.

नंदाने कागद सबनीस सरांपुढे ठेवले आणि डब्याची हकीकत सांगितली. काही वगळलं नाही. सरांनी एकेक पान उलटून पाहिलं.

"त्या रानातली माती मी नंतर पाच वेळा तपासली," ते शेवटी म्हणाले. "एकदाही सापडला नाही. मला वाटलं, माती बदलली. म्हणजे, तसं वाटून घेतलं."

"मी अहवाल पाठवते आहे, सर."

"तुझंच नाव येईल त्यात."

"हो."

"नाही पाठवलास, आणि फुलाबाईंचा जबाब पाठवलास, तर कुणाला कळणार नाही." ते आर्जवाने नाही, नुसतं मोजून पाहावं तसं बोलले.

"मला कळेल. आणि मावशी खटल्याला उभ्या राहतील, तेव्हा तुम्हालाही कळेल."

सरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि शेवटचं पान पुढे ओढलं. "मूळस्थानाच्या घोषणापत्रावर सही माझी होती. खाली माझंही नाव घाल."

नंदाने नमुना उघडला. कोणी नेलं: कोणीही नाही. कसं नेलं: लागू नाही. कुणाला दिलं: लागू नाही. कुठून आलं, यासाठी रकाना नव्हताच. तिने तो स्वतः जोडला आणि पहिल्या ओळीत लिहिलं: 'तत्कालीन संशोधक विद्यार्थिनी नंदा लिगाडे हिने प्रयोगशाळेत भोजन करून सुरक्षेच्या नियमाचा भंग केला.' मुदत संपायला चार तास असताना अहवाल गेला.

*

व्हायचं ते झालं. मावशी सुटल्या आणि कामावर परत आल्या. नंदाच्या सेवापुस्तिकेत ठपका आला आणि अधिकारीपद काढून घ्यायचं ठरलं. तिच्या प्रबंधाला दुरुस्तीचं एक पान जोडलं गेलं. चार वर्षांची खुर्ची जाताना तिला चांगलंच वाईट वाटलं. सर मात्र त्या महिन्यात पहिल्यांदा निवांत झोपले, असं त्यांनीच सांगितलं. दोन देशांनी करार सोडले. उरलेल्या पाचांना सांगण्यात आलं की वाणाचा मूळ धारक सरगरवस्ती आहे आणि वस्तीच्या वतीने फुलाबाई सरगर यांची संमती लागेल.

संमतीपत्र भरून घेणं हे नंदाचं पदावरचं शेवटचं काम. मावशी तिच्यासमोर खुर्चीत अवघडून बसल्या होत्या.

"मावशी, विचारलंय की हे वाण कुणाला द्यायला तुमची हरकत नाही?"

"मागंल त्याला द्या. लस करत्यात म्हनं, लेकरांची. द्या की."

"काही अट?"

एवढं शिकून हेही ठाऊक नाही का, अशा नजरेने मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "दिवं लागल्यावर द्यायचं न्हाय. एवडीच."

नंदाने तसंच टंकलं: अट क्रमांक १. सूर्यास्तानंतर वाण आवाराबाहेर जाणार नाही. खाली मावशींची सही, तिच्याखाली नंदाची. म्हसोबाच्या यादीत मालकाचा रकाना बदलला आणि रोजचा सूर्यास्त त्याला पंचांगावरून पुरवण्यात आला. मावशींचा डबा दिवसाउजेडी हिरव्या पट्टीतून जाऊ लागला. वाणाच्या नळ्या दुपारी चारच्या आत का रवाना करता, असं एका परदेशी प्रयोगशाळेने विचारलं, तेव्हा मूळ धारकाची अट आहे, एवढंच उत्तर गेलं आणि त्यांनी आपलं वेळापत्रक बदललं.

डिसेंबरच्या अखेरीस मावशींचा निरोप समारंभ झाला. कुलगुरू बोलायला उभे राहिले की दिवस मावळतो, हे सगळ्यांना माहीत होतं. समारंभाआधीच मावशींनी नंदाच्या हातात एक छोटा स्टीलचा डबा ठेवला होता. "हितं आता कोन खायला घालनार तुला? घरी लाव." नंदा आता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होती, आदल्याच आठवड्यात तिने प्रयोगशाळेत न खाण्याचा नियम त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता.

ती दाराशी आली तेव्हा आवारातले दिवे लागले होते. पिशवी कट्ट्यावर ठेवली. झोत आला, गेला, आणि पट्टी लाल झाली. बाबरांनी पडदा तिच्याकडे वळवला: 'अट क्रमांक १.'

"बाबर, हे मला उजेडात दिलंय. पाचला."

"दिलं कधी हे तो बघत नाही, मॅडम. निघालं कधी ते बघतो."

मागून हार-नारळ सांभाळत मावशी येत होत्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग नंदाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"नंदे, ठिव तो डबा हितं. सकाळी ने."

नंदाने डबा काढून बाबरांच्या टेबलावर ठेवला. मग रिकामी पिशवी पुन्हा कट्ट्यावर टेकवली आणि हात बांधून चार सेकंद उभी राहिली.